नारू आणि गावची विहीर

भारतातील शेतकऱ्याला ज्या रोगांनी पिढ्यान् पिढ्या गांजले, त्यांत नारू हा मोठा विलक्षण रोग होता. पटकी किंवा देवी यांच्याप्रमाणे तो गावेच्या गावे ओस पाडीत नसे. रोग्याचा प्राणही तो क्वचितच घेत असे. तो हंगाम घेत असे. वैशाखाच्या उन्हात नांगरट उरकून शेतकरी कुळवणीला लागावा, आभाळाकडे डोळे लावून त्याने बियाणे काढून ठेवावे, आणि नेमक्या त्याच वेळी घोट्यापाशी आग होऊन एक फोड यावा. दोन-चार दिवसांत तो फुटावा आणि त्यातून पांढऱ्या सुतासारख्या एका जिवंत कृमीचे टोक बाहेर डोकवावे, असा या रोगाचा क्रम असे. मग रोगी कित्येक आठवडे अंथरुणावर. कधी एकाच पायातून दोन-तीन कृमी निघत, कधी एकाच घरातील बाप, मुलगा आणि सून एकाच पंधरवड्यात आडवी होत. पेरणी मात्र कोणाची वाट पाहात नाही.

हा रोग नवा नव्हता. संस्कृत वैद्यकग्रंथांत ‘स्नायुक’ या नावाने त्याचे वर्णन येते. हिंदी भाषी प्रदेशात त्याला ‘नहरुआ’, तेलुगूत ‘नारी कुरुपु’ आणि तमिळमध्ये ‘नरंबुच्चिलंदी’ म्हणत. इजिप्तमधील एका ममीच्या शरीरातही या कृमीचे अश्मवत झालेले अवशेष सापडले आहेत. इतक्या जुन्या सोबत्याचा निरोप भारताने अगदी अलीकडे घेतला. जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात देशातील शेवटचा रोगी नोंदला गेला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले.

नारूवर तेव्हा औषध नव्हते आणि आजही नाही. त्याची लसही नाही. एकदा होऊन गेला म्हणून तो पुन्हा होत नाही, असेही नाही. त्याच मनुष्याला तो दरवर्षी होऊ शकतो. अशा स्थितीत तो गेला कसा, हे समजून घेण्यासाठी प्रथम त्या कृमीचा प्रवास पाहिला पाहिजे.

कृमीचा प्रवास

मनुष्याच्या पायातून बाहेर पडणारा नारू हा मादी कृमी होय. तिची लांबी साधारणतः ६० ते १०० सेंटिमीटर, म्हणजे हातभर ते दोन हात, आणि जाडी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर असते. नर अगदी लहान असतो आणि मीलनानंतर शरीरातच मरून जातो. मादीच्या शरीराचा बहुतेक भाग गर्भाशयाने व्यापलेला असून त्यात लक्षावधी अळ्या असतात. या अळ्या पाण्यात सोडणे हे तिचे एकमेव उरलेले काम. त्यासाठी ती मनुष्याच्या शरीरातून खाली सरकत येते. दहांपैकी आठ-नऊ वेळा ती पायातूनच बाहेर पडते, कारण पाण्याशी संबंध येण्याचा संभव पायालाच अधिक.

कातडीखाली आल्यावर ती असा दाह उत्पन्न करते की, रोग्याला पाय थंड पाण्यात बुडविल्यावाचून चैन पडत नाही. पाण्याचा स्पर्श होताच फोड फुटतो आणि दुधासारखा पांढुरका द्रव पाण्यात मिसळतो. हा द्रव म्हणजेच अळ्यांचा लोंढा. आपले काम रोग्याच्याच हातून (खरे तर पायातून) करवून घेण्याची या कृमीची ही युक्ती पाहिली, म्हणजे निसर्गाच्या चातुर्याचे कौतुक करावे की त्याचा राग यावा, हे कळेनासे होते.

पाण्यात पडलेल्या अळ्या थोडे दिवसच जगतात. तेवढ्या अवधीत त्यांना सायक्लॉप्स नावाच्या जलचराने गिळले, तरच त्यांची पुढील वाढ होते. सायक्लॉप्स हा खेकडा आणि कोळंबी यांच्या दूरच्या कुळातील एक अतिसूक्ष्म प्राणी. त्याची लांबी एक-दोन मिलिमीटर. डोक्याच्या मध्यभागी एकच डोळा असल्यामुळे ग्रीक पुराणातील एकाक्ष राक्षसाचे नाव त्याला मिळाले. तळ्याचे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडासमोर धरले, तर हे पांढरे ठिपके झटके देत उड्या मारताना नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतात. याच्या शरीरात सुमारे दोन आठवडे राहून अळी दोनदा कात टाकते आणि मग ती मनुष्याला बाधू शकेल अशी होते.

असे पाणी कोणी प्याले की, जठरातील आम्लाने सायक्लॉप्स मरतो आणि अळी मोकळी होते. ती आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरते. तेथे तिची वाढ होते, मीलन होते, आणि पाणी प्याल्यापासून दहा ते चौदा महिन्यांनी मादी पायाशी येऊन पोहोचते. मधल्या काळात त्या मनुष्याला काहीही जाणवत नाही. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये एक अख्खे वर्ष गेल्यामुळे, हा रोग पाण्यातून येतो हे शेतकऱ्याला शतकानुशतके उमगले नाही, यात नवल नाही. गेल्या वर्षी कोणत्या दिवशी कोणत्या विहिरीचे पाणी प्यालो, हे कोण लक्षात ठेवणार?

हा धागा प्रथम हाती लागला तो १८७० च्या सुमारास. रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सेय फेदचेन्को याने तुर्कस्तानच्या प्रदेशात नारूच्या अळ्या सायक्लॉप्सच्या शरीरात शिरताना व वाढताना पाहिल्या. (हा बुद्धिमान तरुण १८७३ मध्ये आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखराच्या चढाईत, वयाच्या तिसाव्या वर्षात मरण पावला.) पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट लीपर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने पश्चिम आफ्रिकेत त्याला महत्त्वाची जोड दिली. जठररसाइतक्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात असे सायक्लॉप्स टाकले असता ते मेले, पण त्यांच्या आतील अळ्या मात्र चपळ होऊन बाहेर पडल्या. तसेच सायक्लॉप्स एका माकडाला खाऊ घातले असता काही महिन्यांनी त्याच्या शरीरात नारूचे कृमी आढळले. म्हणजे रोगाचे मूळ कळून भारतातून त्याचे उच्चाटन होईपर्यंत सव्वाशे वर्षे लोटली. शास्त्राला जे ठाऊक होते, ते विहिरीपर्यंत पोहोचायला एवढा काळ लागला.

विहिरीच्या पायऱ्या

नारूचे गाव ओळखण्याची खूण म्हणजे तेथील पाण्यापर्यंत जाणाऱ्या पायऱ्या. महाराष्ट्रातील बारव किंवा पायविहीर, गुजरातमधील वाव आणि राजस्थानातील बावडी या सर्वांची रचना एका बाबतीत सारखी असते: पाणी वर ओढण्याऐवजी मनुष्य पाण्याकडे उतरतो. दुष्काळी मुलखात पाण्याची पातळी ऋतूप्रमाणे फार खालीवर होते; तेथे ही रचना अत्यंत सोयीची. स्थापत्याच्या दृष्टीने त्यांपैकी कित्येक विहिरी अप्रतिम आहेत. परंतु शेवटच्या पायरीवर उभे राहून घागर बुडविणाऱ्याचा पाय घोट्यापर्यंत पाण्यात असतो, आणि त्याच पाण्याने घागर भरते. नारूला याहून अधिक काही नको असते.

उन्हाळ्यात पाणी आटून तळाशी जाते. उरलेल्या थोड्या पाण्यात सायक्लॉप्सची दाटी होते, आणि सारे गाव त्याच एका डबक्याभोवती गोळा होते. या दिवसांत ज्याने अळी गिळली, त्याच्या पायातून पुढच्या उन्हाळ्यात कृमी निघतो, म्हणजे पुन्हा पाणी आटण्याच्याच वेळी. वर्षभराची ही लय कृमीच्या पथ्यावर पडणारी होती. राजस्थानच्या वाळवंटी भागात, जेथे पावसाचे पाणी तळ्यांत साठवून पितात, तेथे रोगाचा जोर पावसाळ्यात असे. दोन्ही ठिकाणी तो शेतकामाच्या दिवसांवरच येऊन पडे.

उलट, ज्या विहिरीला कठडा आहे आणि जिचे पाणी रहाटाने किंवा दोराने ओढले जाते, तिच्यात नारू टिकू शकत नाही. रोग्याचा पाय तिच्या पाण्याला लागतच नाही. म्हणून पायऱ्या बुजवून किंवा त्यांपुढे भिंत घालून पायविहिरीचा आड करणे, हा या रोगावरील सर्वांत पक्का उपाय ठरला. गवंड्याचे हे काम दिसायला साधे. परंतु ते दिसते तितके सोपे नव्हते. पायऱ्यांवर देवळी असे, सणावाराला तेथे दिवे लावले जात, काही विहिरी खाजगी मालकीच्या होत्या. शिवाय ज्या बाईने आजन्म उतरून पाणी भरले, तिला एकदम वीस-पंचवीस हात दोर ओढण्यास सांगणे म्हणजे तिच्या कष्टांत भर घालणेच होते. ज्या ठिकाणी कठड्याबरोबर रहाटाचीही सोय झाली, तेथे विरोध लवकर मावळला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पायऱ्या मोडल्याने नारू जातो, याचा एक पुरावा मध्य आशियात आधीच मिळालेला होता. बुखारा शहरात पाण्याचे मोठे दगडी हौज होते (मराठीतील ‘हौद’ तोच शब्द), आणि मशकवाले त्यांच्या पायऱ्यांवरून पाण्यात उतरत. लिओनिद इसायेव या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली तेथील हौज उपसून वा बंद करून, रोग्यांवर उपचार करून आणि नळाचे पाणी देऊन १९३० च्या दशकाच्या आरंभी नारूचे उच्चाटन झाले. पण बुखारा हे एक शहर होते. भारतात हजारो गावांचा प्रश्न होता.

साखळी तोडण्याच्या जागा

विहिरीची दुरुस्ती होईपर्यंत लोकांनी पाणी प्यायचे थांबवावे, असे काही सांगता येत नाही. म्हणून साखळी इतर ठिकाणीही तोडावी लागली.

घरात ती तोडण्याचे साधन म्हणजे फडके. सायक्लॉप्स कितीही सूक्ष्म असला तरी तो दाट विणीच्या दुहेरी कापडातून पलीकडे जात नाही. घागरीच्या तोंडावर कापड बांधून पाणी गाळले की काम झाले. मोहिमेत नायलॉनच्या जाळीची गाळणीही वाटण्यात आली. तिची छिद्रे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी असतात, पाणी भराभर गाळले जाते, आणि ती धुवायला सोपी पडते. फडक्याचा तोटा एवढाच की ते रोज, प्रत्येक घागरीला, शेतावरही वापरावे लागते. घरी गाळून पिणारा मनुष्य दुपारच्या वेळी बांधाजवळच्या डबक्यातून ओंजळभर पाणी पितो, आणि वर्षभराने त्याची किंमत मोजतो.

विहिरीत ती तोडण्याचे साधन म्हणजे टेमीफॉस नावाचे रसायन. एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम एवढ्या अल्प प्रमाणात ते सायक्लॉप्सना मारते, आणि त्या प्रमाणात ते पिणाऱ्यास अपायकारक ठरत नाही. मात्रा ठरविण्याचे गणित शाळेतील मुलांनाही करता येईल. समजा, गोल विहिरीचा व्यास ४ मीटर असून तीत २.५ मीटर पाणी आहे. त्रिज्येचा वर्ग ४, त्याला ३.१४ ने व २.५ ने गुणले असता ३१.४ घनमीटर, म्हणजे ३१,४०० लिटर पाणी होते. त्याला शुद्ध रसायन लागेल ३१.४ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने पावणेतीन तोळे. हे काम अर्थातच प्रशिक्षित कर्मचाऱ्याचे. मात्रा दर चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागे. रसायनापूर्वीच्या काळात, १९३० च्या दशकात, म्हैसूर संस्थानातील चितळदुर्ग भागात मूर्ती या संशोधकाने पायविहिरींत लहान मासे सोडून सायक्लॉप्स कमी करण्याचा प्रयोग केला होता आणि त्याला चांगले यश आले होते.

तिसरी जागा म्हणजे स्वतः रोगी. त्याने पाण्यात उतरू नये, इतकेच त्याच्याकडून हवे असे. परंतु ज्याचा पाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखा जळत आहे, त्याला पाण्यापासून दूर राहा असे नुसते सांगून भागत नाही. त्याच्या जखमेवर पट्टी बांधणे, त्याला बादलीत पाणी आणून देणे, आणि कृमी हलक्या हाताने काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढणे, हे सगळे कोणी तरी करावे लागते. काडीची ही रीत फार पुरातन आहे. घाई केली तर कृमी तुटतो, तुटलेला भाग आत राहून पाय सुजतो, पू होतो, प्रसंगी धनुर्वातही होतो.

रोग्यांचा शोध

भारत सरकारने राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये हाती घेतला. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने १९८१ ते १९९० हे दशक पेयजल व स्वच्छता यांसाठी पाळले जात होते, त्याचा हा एक भाग होता. दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेकडे कार्यक्रमाची सूत्रे होती. आंध्र प्रदेश, कर्नाटक, गुजरात, तमिळनाडू, मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि राजस्थान या सात राज्यांत रोगाचे अस्तित्व होते. १९८४ मध्ये घेतलेल्या शोधात सुमारे ४० हजार रोगी आणि १२ हजारांहून अधिक बाधित गावे आढळली.

नारूचे रोगी दवाखान्यात फारसे येत नसत. दवाखान्यात औषध नाही, हे त्यांना ठाऊक होते. शिवाय ज्याला चालता येत नाही त्याने कोसभर चालून यावे तरी कसे? तेव्हा आरोग्यसेवकांनाच घरोघरी जावे लागले. पायातून निघणाऱ्या कृमीचे चित्र दाखवून ते विचारीत, असे कोणाला झाले आहे काय? नारूच्या बाबतीत ही चौकशी विश्वसनीय ठरे, कारण त्याच्याशी दुसऱ्या कोणत्याही रोगाची गल्लत होत नाही. रोगी थोडे उरल्यावर तर नवा रोगी कळविणाऱ्यास बक्षीसही ठेवण्यात आले.

या शोधाची खरी कसोटी गावकुसाबाहेर होती. कित्येक गावांत सार्वजनिक विहिरीवर सर्वांना पाणी भरू दिले जात नसे. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह याच हक्कासाठी झाला होता. ज्यांना गावची विहीर बंद, ते ओढ्यातील झरा किंवा उघडे डबके यांवर अवलंबून राहात. त्यामुळे गावातील विहिरीला कठडा बांधला तरी वस्तीवरचा नारू कायम राही. एका डबक्यात एका रोग्याने पाय बुडविला की वर्षभराने दहा-वीस रोगी उभे राहात, आणि ते कोणत्या विहिरीवर जातील याची शाश्वती नसे. ज्या गणनेत शेवटची वस्ती, धनगराचा वाडा, रस्त्याच्या कामावरील मजुरांची पाले आली नाहीत, ती गणना व्यर्थ होय.

हातपंप आणि पाना

पायविहिरीला उत्तम पर्याय म्हणजे कूपनलिका व तीवरील हातपंप. कठीण खडकात खोल छिद्र पाडणारी यंत्रे भारतात आली, आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील दुष्काळानंतर हातपंपांची संख्या झपाट्याने वाढली. परंतु ते पंप बिडाचे, एका कुटुंबाच्या अंगणापुरते योजलेले. त्यांवर दिवसभर गावाची रांग लागताच ते मोडू लागले, आणि १९७० च्या दशकाच्या मध्यास त्यांपैकी बहुसंख्य बंद पडलेले आढळले. या अपयशातून पुढचे शहाणपण आले. जालना आणि सोलापूर येथे विहिरी खोदण्याच्या कामात असलेल्या लोकांनी पोलादी, भक्कम पंप घडविले होते. सोलापूरच्या पंपाचा आधार घेऊन, युनिसेफच्या साहाय्याने मद्रास येथे ‘इंडिया मार्क २’ हा पंप सिद्ध झाला. पुढे तो आफ्रिकेतील अनेक देशांतही गेला.

पंप कितीही भक्कम असला तरी त्यातील वॉशर झिजतोच. तो बदलायचा तर सगळी नळी वर ओढावी लागे, आणि हे काम करणारा कारागीर तालुक्याच्या गावाहून येई तेव्हा येई. तोवर लोक पुन्हा पायविहिरीकडे वळत. राजस्थानातील बांसवाडा आणि डुंगरपूर या आदिवासीबहुल जिल्ह्यांत १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वच्छ’ प्रकल्पात गावातील स्त्रियांनाच पंपदुरुस्ती शिकविण्यात आली. पंप बंद पडल्याचा त्रास ज्यांच्या डोक्यावर घागरीच्या रूपाने बसतो, त्यांच्याच हाती पाना देणे हे अगदी रास्त होते.

खोल भूजल नारूपासून मुक्त असते. पण त्याचे स्वतःचे दोष असतात. ते जड असले तर त्यात डाळ शिजता शिजत नाही, म्हणून स्त्रिया ते नाकारीत. राजस्थान, आंध्र व तेलंगण यांच्या काही भागांत त्यात फ्लोराइड अधिक असते. लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास दातांवर डाग पडतात व पुढे हाडे वाकतात. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तुरटी व चुना वापरून फ्लोराइड कमी करण्याची ‘नलगोंडा’ पद्धत काढली आहे. नवी कूपनलिका खोदली म्हणजे तिचे पाणी तपासलेच पाहिजे.

गाळल्याने जे जात नाही

नारू फडक्याने अडतो. पटकी, विषमज्वर, हगवण व कावीळ यांचे जंतू अडत नाहीत. ते सायक्लॉप्सच्या मानाने इतके लहान आहेत की, दाट कापडाची छिद्रे त्यांना वेशीएवढी मोठी. एका बाबतीत मात्र कापडाने अपेक्षेपेक्षा अधिक काम केले. पटकीचे जंतू पाण्यातील सायक्लॉप्ससारख्या जलचरांच्या अंगाला चिकटून राहतात. बांगलादेशातील मतलब भागात स्त्रियांना जुन्या साडीच्या अनेक घड्यांतून पाणी गाळण्यास शिकविले असता पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. साडी जुनीच हवी. धुऊन धुऊन सूत पिंजले की छिद्रे बारीक होतात. पण उरलेल्या निम्म्या रोगाचे काय? त्यासाठी पाणी उकळणे, किंवा विहिरीत विरंजक चूर्ण, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकणे, यावाचून गत्यंतर नाही. हजार लिटर पाण्याला चांगल्या प्रतीचे सुमारे अडीच ग्रॅम चूर्ण लागते. वरील उदाहरणातील विहिरीला ते साधारण ७८ ग्रॅम लागेल, आणि टाकल्यावर तासभर पाणी भरू नये.

आणखीही एक भेद आहे. नारू पायातून पाण्यात जातो, तर हे रोग विष्ठेतून जातात. म्हणून नारूच्या मोहिमेने शौचकूपाचा प्रश्न सुटला नाही. उघड्यावरील विष्ठा पहिल्या पावसाबरोबर ओढ्यात व विहिरीत उतरते. तिच्यातील अंकुशकृमीच्या अळ्या ओलसर मातीतून अनवाणी शेतकऱ्याच्या तळपायात शिरतात व त्याचे रक्त शोषतात.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिल्लीजवळ नजफगढ, बंगालमध्ये सिंगूर आणि मद्रासजवळ पूनमल्ली येथे खेड्यांना परवडणाऱ्या शौचकूपाचे प्रयोग झाले. त्यांतून जलबंद शौचकूप पुढे आला. भांड्याखालच्या वळणदार नळीत सुमारे दोन सेंटिमीटर पाणी सतत अडून राहते. त्यामुळे दुर्गंधी वर येत नाही व माश्यांना वाट मिळत नाही. दीड-दोन लिटर पाण्यात ते स्वच्छ होते. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन यांनी याच काळात सोनखताचा विचार शौचकूपाशी जोडला. शेतकऱ्याला ही भाषा लवकर समजते.

आजचा दोन खड्ड्यांचा शौचकूप या सर्व प्रयोगांचा वारस होय. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्याकडे वळवितात. पहिला दीड-दोन वर्षे बंद राहिला म्हणजे आतील जंतू मरतात, जंतांची चिवट अंडीही निकामी होतात, आणि भुसभुशीत, वास नसलेले खत हाती येते. मनुष्याने मनुष्याचा मैला वाहण्याचे कारणच त्यामुळे उरत नाही. ती प्रथा १९९३ व २०१३ च्या कायद्यांनी निषिद्ध ठरविली आहे. खड्डा विहिरीपासून निदान दहा मीटर दूर असावा, असे सांगतात. मातीच्या जमिनीत हे अंतर पुरते, कारण माती जंतूंना गाळून घेते. दख्खनच्या काळ्या खडकात मात्र भेगांतून घाण पाणी न गाळताच दूरवर जाऊ शकते. तेथे फूटपट्टीवर विसंबून न राहता खड्डा विहिरीच्या उताराकडील बाजूस, शक्य तितका लांब घेणे बरे.

२०१४ पासून स्वच्छ भारत मोहिमेत देशभर कोट्यवधी शौचकूप बांधले गेले आणि २०१९ पासून जलजीवन मोहिमेत घरोघरी नळ देण्याचे काम सुरू झाले. बांधकाम मोजता येते. वापर मोजणे कठीण, आणि रोगजंतूंचा संबंध वापराशी असतो. कित्येक गावांत नळाला दिवसातून थोडाच वेळ पाणी येते. ते साठवावे लागते, आणि विहिरीपाशी जपलेले पाणी मग घरच्या माठात बिघडते. लहान मूल पेला हातात धरून बोटांसकट माठात बुडविते, एवढे त्याला पुरते. माठ उंचावर ठेवावा, त्यावर झाकण असावे, आणि पाणी काढण्यास लांब दांड्याचे ओगराळे किंवा डोया वापरावा. तो खुंटीला टांगावा. माठाच्या झाकणावर ठेवल्यास मुले त्याने खेळतात व तो जमिनीवर पडतो.